केंद्रातल्या ३४ शिक्षकांचं दोन दिवसांचं तंत्रज्ञान प्रशिक्षण माझ्याकडे आलंय. नक्की काय घेऊ?

पाटीपेन्सिल (अकोले तालुका)

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे, पहिली ते चौथी. नोकरीला सोळा वर्षं झाली. परवा केंद्रप्रमुखांचा फोन आला, "मॅडम, पुढच्या महिन्यात वर्गात तंत्रज्ञान वापरण्यावर दोन दिवस घ्यायचेत, सुलभक म्हणून तुमचं नाव दिलंय." आमचं केंद्र म्हणजे आसपासच्या ११ शाळांचा गट, त्यात ३४ शिक्षक आहेत. जागा केंद्रशाळेचा हॉल. सामान म्हणाल तर एक प्रोजेक्टर, एक लॅपटॉप आणि प्रत्येकाच्या खिशातला मोबाईल. विजेचा भरवसा नाही.

नाही म्हणता आलं असतं. पण हे प्रशिक्षण एकदा तरी नीट व्हावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हो म्हटलं. का वाटतं ते सांगते.

२०१५ च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला आणि पुढची दोन-तीन वर्षं डिजिटल शाळांची लाटच आली. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या शाळेचं नाव सगळीकडे घेतलं जायचं. आमच्या गावानेही भात झोडून झाल्यावर वर्गणी काढली, ४६ हजार जमले, प्रोजेक्टर आला. त्याच सुमारास आम्हाला एक दिवसाचं प्रशिक्षण मिळालं. हॉलमध्ये ऐंशी शिक्षक. समोरचे साहेब अकरा ते पाच पीपीटी दाखवत होते: कुठलं बटण कशाचं, केबल कुठे लावायची. त्या दिवशी आमच्यापैकी एकाचाही हात यंत्राला लागला नाही. सह्या झाल्या, प्रमाणपत्रं मिळाली.

मग मी वर्गात काय केलं? कवितांचे व्हिडिओ लावले. मुलं इतकी रंगायची की मला वाटायचं, चाललंय छान. दुसरीतली एक मुलगी अख्खी कविता चालीवर म्हणायची, एक शब्द इकडचा तिकडे नाही. एक दिवस मी पुस्तक उघडून तिच्यापुढे ठेवलं आणि कवितेतला एक शब्द सांगून विचारलं, हा कुठे आहे ते बोट ठेवून दाखव. तिने पुस्तकाकडे बघितलंच नाही. ती भिंतीकडे बघायला लागली, आम्ही जिथे चित्र पाडायचो त्या पांढऱ्या चौकोनाकडे. शब्द तिथेच असतो, असं तिला वाटत होतं. वर्षभर मी तिला कविता ऐकवली आणि दाखवली होती, वाचायला दिलीच नव्हती.

पुढे प्रोजेक्टरचा दिवा गेला. नवीन दिव्याची किंमत ऐकून शाळा व्यवस्थापन समिती गप्प बसली. आता तो कपाटात फडक्यात गुंडाळून ठेवलाय, आणि दर पंधरा ऑगस्टला कुणीतरी विचारतंच, "बाई, ते मशीन चालू हाये ना?"

बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत, त्यांवरचा आशय ज्यात उघडतो ते दीक्षा ॲप २०१७ पासून आहे. गावात रेंज नसल्याने मी घरूनच आशय डाउनलोड करून नेते. 'निष्ठा' या सरकारी शिक्षक-प्रशिक्षण उपक्रमाचे कोर्सही केले. २०२० साली परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं तेव्हापासून प्रत्येक बैठकीत "तसं करा" ऐकू येतं. पण डिसले सरांनी क्यूआर कोडचं काम आधी स्वतःच्या वर्गासाठी, स्वतःच्या मुलांची अडचण बघून केलं. आम्हाला कोड तयार मिळतो आणि अडचण आम्ही मागाहून शोधतो.

तर विचारायचं हे: दोन दिवसांत काय घेऊ, काय सोडून देऊ? पंचावन्न वर्षांच्या बाई आणि गेल्या वर्षी लागलेले सर एकाच हॉलमध्ये असतील, त्यांना एकत्र कसं बसवू? आणि तिसऱ्या दिवशी सगळे आपापल्या शाळेत गेल्यावर पुढे काय?


जुना अधिव्याख्याता

मॅडम, मी डाएटमधून (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतून) निवृत्त झालो. प्रशिक्षणं घेण्यात हयात गेली. तुम्ही वर्णन केलेल्या हॉलमध्ये समोर उभा राहणारा मीही होतो, त्यामुळे हे लिहिताना मला जबाबदारी वाटते.

एमएस-सीआयटी २००१ साली सुरू झालं. पुढे संगणक अर्हता नसेल तर वेतनवाढ अडणार म्हटल्यावर शिक्षकांनी तो कोर्स केला. पत्र टाइप करता येऊ लागलं, निकालपत्रक एक्सेलमध्ये येऊ लागलं. ते उपयोगाचंच होतं. पण वर्गात तास तसाच चालू राहिला, कारण त्या कोर्सचा संबंध यंत्राशी होता. भागाकार शिकवण्याशी नव्हता.

अभ्यासकांनी हे फार आधी ओळखलं होतं. ली शुलमन यांनी १९८६ साली मांडलं की विषय येणं वेगळं आणि तो विषय मुलांना कुठे अडतो, कसा उलगडतो हे कळणं वेगळं. शिक्षकाचं खरं ज्ञान हे दुसरं. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ साली त्यात तंत्रज्ञान जोडलं. तिन्ही एकत्र येतात ती जागा शिक्षकाला स्वतःच्या पाठात शोधावी लागते. हॉलमध्ये वाटता येत नाही ती.

एक उदाहरण देतो, कारण यावर माझा जीव आहे. चंद्राच्या कला. बहुतेक मुलांना (आणि खरं सांगायचं तर पुष्कळ शिक्षकांनाही) वाटतं की पृथ्वीच्या सावलीमुळे चंद्र अर्धा दिसतो. यावर ॲनिमेशन दाखवलं की मुलं माना डोलावतात आणि समज तशीच राहते. त्याऐवजी वद्य अष्टमीच्या आसपास सकाळच्या शाळेत परिपाठ झाला की मुलांना मैदानात थांबवा. पश्चिमेकडे अर्धा चंद्र दिसतो आणि पूर्वेकडून ऊन येतं. एक पांढरा चेंडू घ्या आणि हात लांब करून चंद्राच्या दिशेने धरा. चेंडूचा जितका भाग उजळलेला दिसतो तितकाच चंद्राचा दिसतो. मुलं एकदा चेंडूकडे, एकदा चंद्राकडे बघतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मी तीस वर्षांत शंभरदा बघितलं असेल. मग विचारा, सूर्य आणि चंद्र दोघेही आभाळात आहेत, मग पृथ्वीची सावली चंद्रावर पडेल कशी?

इथवर यंत्राची गरज नाही. गरज त्यानंतर लागते. मुलांनी पंधरा दिवस चंद्राची चित्रं वहीत काढली की मग लॅपटॉपवर स्टेलॅरियम उघडा. फुकट आहे, एकदा टाकून घेतलं की इंटरनेट लागत नाही. तारीख पुढे सरकवत अख्खा महिना दोन मिनिटांत दाखवा आणि मुलांना आपापल्या वहीशी ताडून बघू द्या. ढगाळ दिवसांच्या मोकळ्या चौकटी तेव्हा भरून निघतात. वेळ आवळून दाखवणं हे यंत्राला जमतं, आपल्याला जमत नाही.

तेव्हा पहिल्या दिवशी जेवणापर्यंत प्रोजेक्टर लावूच नका. प्रत्येकाला एक पाठ घेऊन यायला सांगा, जिथे मुलं दरवर्षी अडतात असा. ते अडणं नेमकं कुठे हे बोलून घ्या. काड्या, खडे, चेंडू, कागद यांनी सुटत असेल तर तिथेच सोडवा. उरेल त्यासाठी यंत्र. आणि दुसऱ्या दिवशी केंद्रशाळेतली मुलं हॉलमध्ये बोलवा. शिक्षकांसमोर शिक्षकांनी घेतलेला पाठ फार गोड होतो. मुलांसमोर घेतला की खरं दिसतं.


सातपुड्यातला मास्तर (अक्राणी तालुका)

पाटीपेन्सिल मॅडम, तुमच्या त्या मुलीचं वाचलं आणि माझा वर्ग आठवला.

माझी मुलं घरी पावरी बोलतात. पहिलीत आली की पुस्तकातली मराठी त्यांना परकी वाटते. माझ्याकडे टीव्ही नाही, प्रोजेक्टर नाही, पाड्यावर रेंज नाही. मोबाईलमधला आवाज रेकॉर्ड करायचा ॲप तेवढा आहे. तिसरीचं मूल एक परिच्छेद वाचतं, मी रेकॉर्ड करतो, लगेच त्यालाच ऐकवतो, पुस्तक समोर उघडं ठेवून. पहिल्यांदा मुलं नुसती लाजतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी स्वतःच म्हणतात, "सर, इथे मी अक्षर गाळलं." मी चूक काढली की ते मूल मिटतं, स्वतःच्या कानाने काढली की पुन्हा वाचायला मागतं. एका मुलाचं जूनमधलं आणि डिसेंबरमधलं वाचन शेजारी शेजारी त्याच्या आईला ऐकवलं होतं. ती शाळेत शिकलेली नाही, पण फरक तिला मला सांगावा लागला नाही.

दुसरं, आजोबांच्या गोष्टी मुलं घरून पावरीत ऐकून येतात, त्या रेकॉर्ड करतो, मग वर्गात मराठीत सांगायला लावतो. यासाठी मला कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. दिलं असतं तर चार वर्षं आधी सुरू केलं असतं.

तुमच्या दोन दिवसांत एक तास अडचणींसाठी ठेवा, कारण शिक्षक पाठावरून मागे हटतो तो बहुतेक वेळा केबलपाशी. ज्या शाळांत टीव्ही आहे तिथे पेनड्राइव्ह लावला की "फॉरमॅट सपोर्ट होत नाही" येतं आणि तास गेला. लॅपटॉपवर व्हीएलसी टाकून एचडीएमआय केबलने जोडलं तर जवळपास सगळं चालतं. चार जीबीपेक्षा मोठी फाईल पेनड्राइव्हवर जात नसेल तर पेनड्राइव्ह बिघडलेला नसतो, तो फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो. ही एवढीशी माहिती नसल्याने लोक सामान कपाटात ठेवतात.


कोन आणि वर्तुळ (भुदरगड तालुका)

मी माध्यमिकला गणित शिकवतो. तुमच्या गटाला दहावीचं उदाहरण थेट लागू नाही, पण एक प्रसंग सांगतो.

जिओजेब्रा हे ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गमध्ये २००१ साली मार्कुस होहेनवार्टर यांनी पदव्युत्तर अभ्यासासाठी सुरू केलेलं सॉफ्टवेअर. फुकट मिळतं, इंटरनेटशिवाय चालतं. अंतर्लिखित कोनाचं प्रमेय मी त्यावर घेतो. वर्तुळावर तीन बिंदू घ्यायचे, कोन मोजायचा, मग कोनाचा शिरोबिंदू त्याच कंसावर ओढत फिरवायचा. फिरवण्याआधी मुलांना विचारतो: कोन वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील? हात वर करायला लावतो. बहुतेक जण वाढेल किंवा कमी होईल म्हणतात. बिंदू सरकतो, आकृती पार बदलते आणि आकडा ५२ वरून हलत नाही. वर्गात तेव्हा जी शांतता होते तिच्यासाठी मी हा पाठ घेतो.

पहिल्या वर्षी मात्र एका मुलाने बिंदू ओढत पलीकडच्या कंसावर नेला आणि पडद्यावर २३२ आलं. मी गडबडलो. पुस्तकात १२८ येतं, कारण चक्रीय चौकोनाचे संमुख कोन मिळून १८० होतात. मला काही सुचेना. मी लॅपटॉप मिटला आणि फळ्यावर वळलो. रात्री बसून बघितलं तेव्हा कळलं की जिओजेब्रा कोन घड्याळाच्या उलट दिशेने ३६० पर्यंत मोजतं, ३६० वजा १२८ म्हणजे २३२, आणि कोन १८० पर्यंतच दाखव असं सेटिंग करता येतं. आता मी ते सेटिंग मुद्दाम करत नाही. २३२ येऊ देतो आणि मुलांना शोधायला सांगतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, मॅडम: शिक्षकाला त्याचं '२३२' तुमच्या हॉलमध्ये भेटू द्या, वर्गात मुलांसमोर पहिल्यांदा भेटायला नको. तयार फाईल देऊ नका. प्रत्येकाने स्वतः बनवायला हवी, स्वतः अडकायला हवं, आणि शेजारी विचारायला कुणीतरी हवं.


बाई, इयत्ता दुसरी

मी त्या पंचावन्नच्या आसपासच्या बाई. त्रेपन्न.

मागे एका प्रशिक्षणात मला एका तरुण सरांसोबत बसवलं होतं. चांगला मुलगा. पण मी माऊस धरला की दोन मिनिटांत त्याचा हात यायचा, "बाई, द्या, मी करतो." दिवसअखेर आमच्या जोडीचं काम सगळ्यात सुबक झालं, आणि मला काहीच आलेलं नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तेव्हा जोड्या लावा, पण एक नियम करा: ज्याला येतं त्याने हात मांडीवर ठेवायचा आणि तोंडाने सांगायचं. यंत्र ज्याला येत नाही त्याच्याच हातात राहील. वेळ लागेल. लागू द्या.

आणखी एक. आमच्यातल्या पुष्कळांना मोबाईल म्हटलं की पोट ढवळतं, त्याचं कारण वय नाही. पोषण आहाराची रोजची नोंद, सरल आणि यूडायस या पोर्टलवर भरायची माहिती, आणि ग्रुपवर "तात्काळ माहिती भरा". वर्गात मूल वाचत असतं आणि खिशात फोन थरथरत असतो. तंत्रज्ञान आमच्याकडे आलं ते आमची हजेरी घ्यायला. मुलाला वाचायला शिकवताना ते माझ्या बाजूने उभं राहू शकतं हे मला ऑगस्ट २०२० मध्ये कळलं. शाळा बंद होत्या, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मुलांसाठीची मालिका लागायची, आणि मी रोज रात्री सात मुलांना एकेक फोन करून वीस मिनिटं वाचन घ्यायची. साधा फोन. ती सात मुलं मागे पडली नाहीत. असे अनुभव प्रत्येकाकडे आहेत, मॅडम. पहिल्या सत्रात ते बाहेर काढा, म्हणजे माझ्यासारखी बाई "मला काही येत नाही" इथून सुरुवात करणार नाही.


पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. बाई, तुमचं उत्तर मी आमच्या केंद्रप्रमुखांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "त्या दोन दिवसांत ग्रुपवर माहिती मागवणार नाही." आणि त्यांनी खरंच नाही मागवली.

प्रशिक्षण गेल्या आठवड्यात झालं. कसं झालं ते लिहिते.

पहिल्या दिवशी सुरुवात टाळेबंदीतल्या फोनवरच्या वाचनाने केली. अकरा जण बोलले, त्यातले सात पन्नाशीपुढचे. मग अडणारे पाठ. ३४ पैकी ९ जणांनी हातच्याची वजाबाकी आणली होती. त्यावर दीड तास गेला, कारण मूल नेमकं कुठे चुकतं यावरच एकमत होईना. कुणी म्हणे हातचा घ्यायला विसरतात, कुणी म्हणे मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायची सवय लागलेली असते, मग तो वर असो की खाली. शेवटी मुलांच्या वह्या मागवल्या आणि बघितलं. दुसरं कारणच जास्त निघालं. त्यावर उपाय निघाला तो दशकाच्या जुड्या आणि सुट्या काड्यांचा, यंत्राचा नाही. अकरा-चाळीसला वीज गेली होती. जेवणाची सुट्टी होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

दुपारी हात मांडीवरचा नियम. तो पाळणं तरुणांना फार जड गेलं. एक सर दोन वेळा उठून बाहेर जाऊन आले. पण चार वाजता एका बाईंनी स्वतः क्यूआर कोड स्कॅन करून, आशय डाउनलोड करून, फोन विमान मोडवर टाकून तो पुन्हा उघडून दाखवला आणि मग शेजारच्या बाईंना शिकवायला लागल्या. तेव्हा मात्र त्यांनी स्वतःचे हात मांडीवर ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी चौथीची बारा मुलं बोलावली. सहा पाठ ठरले होते, चारच झाले. दोन पाठ फसले. एकात मुलं पडद्यावरच्या हत्तीकडेच बघत राहिली आणि अपूर्णांक बाजूला राहिला. ज्या सरांचा पाठ होता त्यांनी स्वतःच उभं राहून सांगितलं की हत्ती काढून टाकतो, भाकरी ठेवतो. आवाज रेकॉर्ड करायचा पाठ सगळ्यात चांगला झाला. एका मुलाने स्वतःचं वाचन चार वेळा ऐकलं आणि पाचव्यांदा न थांबता वाचलं.

पुढचं असं ठरलंय की दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत वीस मिनिटं एका शिक्षकाची. त्याने वर्गात काय करून बघितलं आणि कुठे अडलं ते सांगायचं, कागद नाही, अहवाल नाही. पहिली पाळी माझी आहे, येत्या शनिवारी.

सातपुडा सर, एक अडचण आहे. मी माझ्या तिसरीच्या सहा मुलांचं वाचन रेकॉर्ड केलं, पण वर्गात इतका घुमारा येतो की मुलाला स्वतःचा 'ळ' आणि 'ल' वेगळा ऐकू येत नाही. वर पत्रा आहे. तुम्ही कसं करता?


सातपुड्यातला मास्तर (अक्राणी तालुका)

पत्र्याखाली नकोच, मॅडम. माझ्याही शाळेवर पत्राच आहे. बाहेर झाडाखाली बसवा. नाहीतर पोषण आहाराच्या तांदळाची पोती रचलेली असतात ना, त्या खोलीत न्या, पोती आवाज खातात. फोन मुलाच्या तोंडासमोर धरू नका, हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर, जरा बाजूला धरा, म्हणजे श्वासाची फुंकर माइकवर येत नाही. आणि शनिवारी काय झालं ते कळवा.